पार्टिशन पाडलं एका दिवसात, भिंती भरायला गेले दोन महिने

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये करायचं ठरलं, त्यानंतर वॉकर लागणार, आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात किचन आणि आतली छोटी खोली यांच्यामध्ये जो बोळ होता तिथे वॉकर सोडा, माणूस वळला तरी कोपर घासायचं. म्हणून मधली चार इंची भिंत काढायची ठरवली, हातात तीन महिने होते.

बिल्डिंग 1988 ची, आरसीसीची, म्हणजे भार कॉलम-बीमवर, तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं आणि हे प्लीज कोणीच टाळू नका. त्याने वरच्या काकूंच्या घरी जाऊन त्यांची भिंत नेमकी आमच्या भिंतीच्या डोक्यावर उभी नाहीये ना तेही बघितलं. त्याचं पत्र सोसायटीला दिलं, परवानगी मिळाली. ब्रेकर, म्हणजे फोडायचं मशीन, लावू नका, वरून खाली एकेक थर हाताने काढा असं त्याने बजावलं होतं, तसंच केलं. भिंतीत फ्रिजचा बोर्ड होता तो आदल्या दिवशीच इलेक्ट्रिशियनने काढून लाइन बंद केली. आठ फूट बाय नऊ फूट भिंत, पण साठ गोण्या राबिट, म्हणजे विटा-प्लास्टरचा मलबा, निघालं! सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी सहाला भिंत गायब. आई मधोमध खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, अगं बाई, किती उजेड आला.

खरं काम इथून पुढे होतं. भिंत जिथे जोडलेली होती तिथे दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत सहा इंचांचा उघडा पट्टा, एका बाजूला विटांचे तुटलेले दात आणि दुसऱ्या बाजूला कॉलमचं काँक्रीट, वर स्लॅबला तसाच पट्टा आणि खाली लादीत चर. प्लास्टरच्या कडेला रंगांचे थर दिसत होते, वर आत्ताचा क्रीम, मग हिरवा, मग गुलाबी डिस्टेंपर, आणि सगळ्यात आत बाबांनी घर घेतलं तेव्हाचा चुना. मी बराच वेळ तिथे हात लावून उभा होतो.

पहिला मिस्त्री म्हणाला, दादा, पीओपी भरून देतो, उद्या रंग मारा. मला घाई होती, मी हो म्हटलं, चूक माझीच. त्याने ना धूळ झाडली ना जुना ऑइलपेंट खरवडला, पट्टे भरले, वरून सुंदर दिसलं. पंधरा दिवसांत दोन्ही कडांना केसासारखी सरळ रेघ उठली. नाण्याने टकटक केलं तर नीट जागी ठण्ण वाजायचं आणि पट्ट्यावर बद्द. नख घातलं तर चपातीएवढा पापुद्रा हातात आला.

मग ओळखीतून एक वयस्कर गवंडी काका आले. त्यांनी सगळं परत उकरायला लावलं, आणि कडेचं जुनं प्लास्टरसुद्धा जिथे पोकळ वाजलं तिथपर्यंत छिन्नीने सरळ रेघेत कापलं, वेडीवाकडी कड ठेवली की तिथूनच तडा जातो म्हणाले. प्लास्टर धरावं म्हणून काँक्रीटला छिन्नीने टाचे मारले, ब्रशने धूळ काढली, रात्रभर विटांना पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, मारली आणि ती ओली असतानाच चाळलेल्या रेतीचं एकास चारचं प्लास्टर, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग रेती. वीट आणि कॉलम जिथे भेटतात तिथे दोन्हीकडे चार-चार इंच जाईल अशी चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, खिळ्यांनी ताणून बसवली, कारण ऊन-थंडीत दोन्ही सारखं हलत नाही आणि जाळी तो ताण वाटून घेते. माल जुन्या प्लास्टरच्या दोन मिमी आतच ठेवला, पुट्टीला जागा हवी म्हणून. स्लॅबला मात्र एकास तीन आणि पातळच, जाड थर स्वतःच्याच वजनाने सुटतो.

पाणी मारायचं काम आईने घेतलं. गावचं घर बांधताना तिने हेच केलेलं. सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, रंगाच्या ब्रशने, खाली जुन्या साड्या पसरून, आणि दुपारी वाळलेलं दिसलं की मला ऑफिसात फोन, अरे मी चौथ्यांदा मारलं चालेल ना.

लादीचा विषय वेगळाच निघाला. किचनला जुनी मोझॅक, खोलीत सिरॅमिक, आणि दोन्हीच्या लेव्हलमध्ये अर्ध्या इंचाचा फरक, तिथे वॉकर अडकणार हे नक्की. मग चरात काँक्रीट भरून वर ग्रॅनाइटची पट्टी उताराने बसवली, कडा घासून गोल केल्या.

रंगाला तीन आठवडे थांबलो, ओल्या प्लास्टरवर रंग मारला की डाग आणि पोपडे येतात. मग पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, आणि रात्री लाइट बंद करून भिंतीला चिकटवून टॉर्च मारला, दिवसा न दिसणारे सगळे उंचवटे दिसले, तेवढे परत घासले. मग प्राइमर. रंग मात्र पूर्ण भिंतींना दिला, पट्ट्यापुरता दिला असता तर तो कायम वेगळा दिसला असता.

ऑपरेशन 9 एप्रिलला झालं, आई घरी आली आणि वॉकर घेऊन किचनमधून थेट खिडकीपर्यंत गेली, पट्टीवरून पाय न अडकता. स्लॅबच्या कोपऱ्यात मे महिन्यात एक बारीक रेघ दिसली, दोन इंचांची. काकांनी सांगितलं होतं तसं तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहिलीये. दर रविवारी स्टुलावर चढून बघतो, खुणेच्या पुढे अजून गेलेली नाही.