झिराड, किहीम, नवगाव : एका वाटेवरची माणसं

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागची बस धरली की थोड्याच वेळात पाट्या सुरू होतात. झिराड. किहीम. नवगाव. थळ. विकेंडला येणाऱ्यांना त्यात समुद्रकिनारे दिसतात आणि जागेच्या दलालांना गुंठ्याचे भाव. मी या खेपेला निघाले होते ते इथली आडनावं घेऊन मुंबईला, कराचीला, एडनला आणि शेवटी इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींच्या मागावर. आणि खरं सांगायचं तर जिवंत मंडळींच्या नाही, गेलेल्यांच्या.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. गावोगाव घाणे चालवून तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. नावंही इथलीच होऊन गेली होती. अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. पुढे इंग्रजांच्या पलटणीत, रेल्वेत, पोस्टात, दवाखान्यांत नोकऱ्या धरल्या आणि घाणे मागे पडले. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर इस्रायलकडे जाणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. आज अलिबाग तालुक्यात उरलीत ती मोजकी कुटुंबं.

बस झिराडच्या फाट्यावर थांबली तेव्हा मला डॉ. जेरुशा झिराड आठवल्या. त्यांचा जन्म इथला नाही, कर्नाटकातल्या शिमोग्याचा, पण घराण्याचं मूळ हेच गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला जाऊन स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. करून आलेली ही बाई पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. १९६६ साली पद्मश्री मिळाली, १९८४ साली त्या गेल्या. फाट्यावर बाईंच्या नावाचा एखादा फलक असायला हरकत नव्हती. रिसॉर्टांचे आहेत, भरपूर.

पुढचं किहीम हाईम सॅम्युएल किहीमकरांचं. जन्म १८३०, मृत्यू १९०८. या माणसाने आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास लिहून काढला : सणवार, लग्नं, मर्तिकं, कोणाला कुठे इनाम मिळालं, कोण कुठल्या पलटणीत होता. १८९७ च्या सुमाराला लिहून तयार असलेलं ते हस्तलिखित छापलं गेलं १९३७ साली, तेल अवीवला. लेखक जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. आज या समाजावर लिहायला बसणारा प्रत्येक जण, मीसुद्धा, त्यांच्या त्या कष्टावर जगतो.

नवगावला मात्र नावं संपतात. समाजाची परंपरा सांगते ती अशी : फार पूर्वी, दोन हजार वर्षांपूर्वी म्हणा, या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती वाचलेल्यांनी इथे पुरली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे. धर्मग्रंथ पाण्यात गेले. लक्षात राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, शनिवारची सुट्टी, आणि खवले नसलेला मासा खायचा नाही एवढं. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदाच प्रेतं आहेत, परशुरामाने जिवंत केलेली. कोणी कोणाकडून घेतलं यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय, त्या भांडणात मी पडत नाही. कोकणच्या किनाऱ्याला अशा कथा लागत असणार, एवढं माझ्यापुरतं पुरे.

गावात विचारलं तर ‘इस्रायलींचं कब्रस्थान’ कोणीही दाखवतं. आत दाविदाच्या ताऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. जुन्या कबरींवर नुसते ओबडधोबड दगड, अक्षर एक नाही. ज्या बुडालेल्या लोकांपासून सगळी कथा सुरू होते त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही, आणि तरी सातासमुद्रापलीकडून माणसं त्यांना भेटायला येतात. थंडीच्या दिवसांत इस्रायलहून गट येतात. आधी खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, घोड्याचा टाप उमटलेला खडक बघायचा, मलिद्याचं ताट करायचं, मग नवगाव, मग अलिबाग, असा ठरलेला रस्ता. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात जाताना, कशालाही मलिदा चालतो. एलियाहू हनाबीची अशी जत्रा जगातले दुसरे ज्यू करत नाहीत.

अलिबागच्या इस्रायल आळीत दुपारी पोचले. ‘मागेन अबोथ’ सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, सध्याची इमारत १९१० ची. इथले जुने लोक तिला मशीदच म्हणतात. आत टांगलेल्या काचेच्या हंड्या आहेत, गेलेल्यांच्या नावाने त्यांत तेलाचे दिवे लावतात. भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या आहेत, त्या मी फारशा वाचल्या नाहीत. देणगी देणाऱ्याचं नाव कुठेही टिकतंच.

आळीतच मला एक मावशी भेटल्या. इस्रायलमधल्या लोदहून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, बरोबर विशीतला नातू. लहानपणी इथून गेल्या. मराठी आपल्यासारखीच, किंबहुना आपल्या आजीसारखी, कारण ती साठ वर्षांपूर्वीच्या अलिबागची आहे. “तू कब्रस्थानात येतेस का गं? मला आता वाचायला जमत नाही, आणि याला मराठी येत नाही,” त्या म्हणाल्या. शाळा तिकडे झाली, त्यामुळे देवनागरी त्यांच्या हातून सुटलेली. रिक्षात बसल्यावर नातवाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, “आम्ही गेलो तेव्हा तिकडचे रब्बी म्हणायचे, तुम्ही पुरते ज्यू आहात की नाही ते आधी ठरवू. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न अडलं होतं त्यात.” १९६२ साली इस्रायलमधल्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी वंशाच्या चौकशीची अट घातली होती. मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. दोन हजार वर्षं शनिवार पाळलेल्यांना कागद दाखवायला लावायचा, याला काय म्हणावं!

कब्रस्थानात गवत गुडघ्याएवढं होतं. मावशींना त्यांच्या आज्याची कबर शोधायची होती. आठवत होतं एवढंच की ती भिंतीकडे होती आणि जवळ आंब्याचं झाड होतं. आंबे तिथे तीन. मग कामाची वाटणी आपोआप झाली. दगडाच्या वरच्या भागात हिब्रू, खाली मराठी. नातू वाकून वरचं वाचायचा, मी बसून खालचं. वर असायचं अमुक तमुकचा मुलगा आणि हिब्रू पंचांगातली तिथी. खाली असायचं गाव, नोकरीचा हुद्दा, इंग्रजी तारीख, आणि दगड कोणी बसवला ते. म्हणजे देवाला सांगायचं ते वर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं ते खाली. नातू माझ्याशी इंग्रजीत बोलत होता, मी त्याला खालच्या ओळी सांगत होते, तो आजीला हिब्रूत काही विचारत होता, आणि मावशी मराठीत, “हे आमचे नव्हेत, हे पेणकर. यांच्याकडे म्हशी होत्या,” असं करत पुढे सरकत होत्या. एका दगडापाशी त्या थांबल्या आणि नातवाला म्हणाल्या, “ही बाई सुईण होती. तुझ्या पणजीची सगळी बाळंतपणं हिने केली.” दगडावर तसलं काही नव्हतं. नाव होतं, ‘अमक्याची पत्नी’ होतं, संपलं.

आज्याची कबर सापडली, तीही आंब्यापाशी नव्हे, विहिरीच्या बाजूला. नातवाने दगडावर खडा ठेवला. मावशींनी पिशवीतून सबज्याची काडी काढली. जारतीला, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणाच्या विधीला, ताटात सबजा ठेवतात आणि त्याचा वास घेऊन आशीर्वाद म्हणतात. कद्दीश ही गेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, तेवढे आता इथे जमवायचे म्हणजे मुंबईहून आणायला हवेत. नातवाने दाविदाचं एक स्तोत्र वाचलं. कद्दीश लोदला म्हणू, असं ठरलं.

बाहेर नळावर हात धुताना मावशी सणांबद्दल बोलत होत्या. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, त्यांच्या लेखी अजून दरफाळणीचा सण, आणि तिशा बआव, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास, तो बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. दरफाळणीच्या आदल्या दिवशी घरातली गेलेली माणसं भेटायला येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं जुने लोक मानत. “आई त्या रात्री ओटीवर पाणी भरून ठेवायची. तिकडे चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या, “येत असतील लिफ्टने.” नातवाला कळलं नाही. मी इंग्रजीत सांगून पाहिलं, पण त्याची मजा गेली.

चौल-रेवदंड्याला संध्याकाळी धावती भेट झाली. चौलचं सांगायचं तर चित्रपटांतले ‘डेव्हिड’, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा. त्यांचा मृत्यू कॅनडात झाला, टोरांटोला. रेवदंड्याचं ‘बेथ एल’ सिनेगॉग बंद होतं, बाहेरूनच बघितलं.

जायचं असेल तर थोडं सांगते. शनिवारी आणि ज्यू सणांना जाऊ नका. सिनेगॉगमध्ये डोकं झाकून जायचं, आणि आधी विचारून. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लहान बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो किंवा पेणवरून रस्ता. खंडाळ्याचा खडक शोधताना लोक लोणावळ्याच्या खंडाळ्याला निघतात, तो हा नव्हे, हा अलिबागजवळचा. कब्रस्थानात फोटो काढणार असाल तर परवानगी घ्या, आणि मिळाली की दगडाचा खालचा, मराठी भाग आधी काढा. गवत आणि माती चढते ती त्याच बाजूने.