आधी हरवलेले घोडे शोधायचे

आमच्याकडे फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती एचपी वाढवून द्याल?" मी उलट विचारतो, "गाडी कुठल्या राज्यात नोंदलेली आहे?" समोरचा क्षणभर गप्प होतो. हा माणूस इंजिन बांधतो की आरटीओत बसतो, असं त्याला वाटत असावं.

लॉस एंजेलिसपासून तासाभराच्या अंतरावर, भाड्याच्या दोन गाळ्यांत आमचं काम चालतं. पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारची एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेवर थंड होणारी, इंजिनं उघडायची, मापं घ्यायची आणि पुन्हा बांधायची. ब्रेक, रंग, सीटा यांतलं काही आम्ही करत नाही. माणसं तीन. मी, हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, कामात माझ्यापेक्षा सरस असलेला एक मेक्सिकन सहकारी, आणि हिशेब बघणारी माझी बायको. गाळा अजून आमच्या ताब्यात आहे तो तिच्यामुळे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आबांचं रिबोअरिंगचं, म्हणजे झिजलेली सिलिंडरं पुन्हा कोरून द्यायचं, दुकान होतं. विहिरीवरची आणि गुऱ्हाळावरची ऑइल इंजिनं तिथं यायची. गुऱ्हाळं पेटली की रात्री-अपरात्री कुणीतरी ट्रॉलीत इंजिन टाकून दारात हजर, आणि काहील चुलीवर आहे म्हणून त्याला ते पहाटेच्या आत हवं. पण कितीही घाई असली तरी आबा एक गोष्ट चुकवत नसत. पिस्टनच्या डोक्यावर शिशाची तार ठेवायची, हेड आवळायचं, फ्लायव्हील हाताने फिरवायचं, परत हेड खोलायचं आणि चेपलेली तार मायक्रोमीटरवर धरायची. याला आमच्याकडे बंपिंग बघणं म्हणत. तार जाड राहिली तर कॉम्प्रेशन गेलं आणि थंडीत हँडल मारून खांदा निखळेल. फार पातळ झाली तर तापल्यावर पिस्टन हेडला ठोकणार. गिऱ्हाईक बाहेर विडी ओढत शिव्या घालत असे. आबा म्हणत, "त्याला शिव्या घालू दे. तू आधी माप घे, मग बोल."

अमेरिकेत आलो तो विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, सीएनसी मशीनवर. ९११ ची ओळख तिथल्या एका सहकाऱ्याच्या गाडीमुळे झाली. १९७९ सालची एससी, म्हणजे ९११ चंच एक मॉडेल, तीन लिटरची. इंजिनातून टकटक आवाज येतो म्हणाला. शनिवारी खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर तेलाबरोबर एक नट आणि तुटलेल्या स्टडचा तुकडा माझ्या हातात पडला.

एससी इंजिनाला हेड आवळून धरणारे चोवीस स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले लांब बोल्ट. त्यातले एक्झॉस्टच्या बाजूचे खालचे बारा दिलावार नावाच्या मिश्रधातूचे. ॲल्युमिनियमचं सिलिंडर तापून वाढतं तितकाच स्टडही वाढावा, म्हणजे ताण सारखा राहील, हा त्यामागचा विचार. विचार चांगला, पण हे स्टड गंजाला फार हळवे. वर्षानुवर्षं ओल आणि उष्णता खाऊन एक दिवस उभ्या गाडीत, कुणी हातही न लावता, मोडतात. मला तेव्हा हे कळत नव्हतं. मी तुटलेला एकच बदलला आणि गाडी देऊन टाकली. आठ महिन्यांनी शेजारचा मोडला. सगळं इंजिन माझ्या खर्चाने परत उतरवलं. तेव्हापासून खालचे बाराच्या बारा नवे साध्या पोलादाचे घातल्याशिवाय इंजिन दाराबाहेर जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बाकीचे अकरा चांगले आहेत की. मी त्याला ही गोष्ट सांगतो.

२००९ मध्ये मंदीत कारखान्यातली नोकरी गेली आणि शनिवारचं काम आठवडाभराचं झालं. पहिली दोन वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, घोडे वाढवण्याकडे. १९७८ ते ८३ च्या एससीचं उदाहरण घेतो, कारण आमच्याकडे निम्मी इंजिनं तीच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७०.४, म्हणजे २,९९४ सीसी. अमेरिकेत विकलेल्या गाडीला १८० पीएस (पीएस म्हणजे युरोपातला एचपी, जवळपास तेवढाच). युरोपात १९८१ पासून याच तीन लिटरला २०४ पीएस. क्रँककेस तेच, क्रँक तोच. फरक मुख्यतः कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा, व्हॉल्व्ह टायमिंगचा आणि प्रदूषणाच्या सामानाचा. कॉम्प्रेशन अमेरिकेत आधी ८.५ आणि १९८० पासून ९.३, युरोपात ९.८. कंपनीनेच चोवीस घोडे तबेल्यात बांधून गाडी बोटीवर चढवली होती. गिऱ्हाइकाला मी हाच आकडा दाखवतो. यातले काही परत मिळतील. तीनशेची भाषा करायची असेल तर दुसरं इंजिन विकत घे.

पण त्याच्याही आधी एक हिशेब असतो. ज्याला १८० वाटतात त्याच्या गाडीत १८० असतातच कुठं? चाळीस वर्षांचं इंजिन ताकद मोजायच्या रोलरवर चढवलं की मालकाचा चेहरा बघवत नाही. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह गाइड झिजून डुगडुगत असतात, या इंजिनांची ती जुनी खोड. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या डाव्या-उजव्या कॅमचं टायमिंग एकमेकांशी जुळत नसतं, कारण साखळ्या दोन आणि आधीच्या मिस्त्रीने घाईत पिन पहिल्या भोकात घालून टाकलेली. इंजेक्टरच्या रबरी रिंगा दगड झालेल्या, त्यातून चोरटी हवा आत येते. डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स गंजून अडकलेला. हे सगळं नीट केलं की जे परत मिळतं ते बहुतेकांना 'अपग्रेड'च वाटतं. त्यात आम्ही नवीन काही केलेलं नसतं. हरवलेले घोडे गोठ्यात आणून बांधलेले असतात. बिल मात्र लागतं, आणि ते समजावून सांगणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे देताना माणूस कुठलाही असो, कोल्हापूरचा की कॅलिफोर्नियाचा, चेहरा एकच होतो.

कॅमचं टायमिंग मी स्वतः करतो. डायल गेज इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर टेकवायचं, ओव्हरलॅपच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे) व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडलाय ते बघायचं, पिन काढून दुसऱ्या भोकात घालायची, बोल्ट आवळायचा, क्रँक दोन फेरे फिरवायचा, परत बघायचं. दोन्ही बाजू शंभराव्या हिश्शात जुळेपर्यंत चहा नाही. यात सकाळ जाते, कधी दुपारही.

मग कॉम्प्रेशन. आणि इथे आबांची शिशाची तार माझ्या कामी आली. इथले लोक त्यासाठी सोल्डरची मऊ तार वापरतात, प्रकार तोच. पिस्टनच्या कडेवर दोन बाजूंना तुकडे ठेवायचे, हेड आवळायचं, फिरवायचं, मोजायचं. एक मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. हेडमधली जागा ब्युरेटने द्रव सोडून मोजायची, पिस्टनच्या घुमटाची जागा वेगळी, आणि मग खरा रेशो काढायचा. डब्यावर ९.५ छापलेले पिस्टन प्रत्यक्षात नऊच्या आसपास निघालेले मी पाहिलेत. केस आणि हेड आधी कुणी किती घासलंय त्यावर सगळं ठरतं.

कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारं चांगलं पेट्रोल म्हणजे ९१ ऑक्टेन. या इंजिनाचं ज्वलनकक्ष अर्धगोल, पिस्टनला मोठा घुमट आणि स्पार्क प्लग एकच, तोही एका बाजूला. घुमट जितका उंच तितकी ज्योतीला वळसा घालून पलीकडे जायला जास्त वाट, आणि तेवढ्यात पलीकडचं मिश्रण स्वतःच पेटतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑगस्टच्या उन्हात, चढावर, हे नॉकिंग पिस्टन खाऊन टाकतं. म्हणून एका प्लगवर साडेनवाच्या वर जायचं नाही, हा आमच्या गाळ्याचा नियम. त्याच्या पुढे जायचं तर प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग हवेत. कंपनीनेही ९६४ या ९११ च्या नंतरच्या पिढीच्या ३.६ लिटर इंजिनात ११.३ चा रेशो ठेवला तेव्हा दोन प्लगच दिले. पण ते आलं की हेडचं मशीनिंग, दुसरा डिस्ट्रिब्युटर, वायरिंग, आणि 'माफक' हा शब्द संपला.

ज्याला सिलिंडर तसेही नवे घ्यायचे आहेत त्याला मी ९८ मिमीचा संच सुचवतो. स्ट्रोक तोच, क्रँककेसला हात लावायचा नाही, आणि ३,१८६ सीसी होतात. सहा टक्क्यांची वाढ. कागदावर दिसायला किरकोळ, पण चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये पायाखाली कळते. मला स्वतःला हा बदल सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो इंजिनाचा स्वभाव बदलत नाही.

स्वभाव बदलायला गेलो तेव्हा तोंडावर पडलो. २०१३ मध्ये एका हौशी माणसाने रेसच्या जातीचा मोठा कॅम आणून माझ्या टेबलावर ठेवला. १९८२ ची एससी, पेट्रोल सोडणारं इंजेक्शन मूळचंच, बॉशचं के-जेट्रॉनिक. मला माहीत होतं की जमणार नाही. पण महिना रिकामा होता, गाळ्याचं भाडं द्यायचं होतं, आणि मी हो म्हणालो. के-जेट्रॉनिकमध्ये आत येणारी हवा एक गोल तबकडी उचलते आणि ती तबकडी जितकी उचलली जाईल तितकं पेट्रोल सुटतं. फार साधी आणि सुंदर योजना. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात, कमी आरपीएमला हवेचे झटके उलटे मागे येतात आणि ती तबकडी नंदीबैलासारखी मान हलवत बसते. इंजिन आयडलिंगला वर-खाली, वर-खाली. एका सकाळी बॅकफायर झाला आणि प्लास्टिकचा एअरबॉक्स मधोमध फाटला. जादा दाब बाहेर सोडणारा वीस डॉलरचा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह तरी आधी बसवायला हवा होता. वर गाडी स्मॉगला, म्हणजे सरकारी धूर तपासणीला, नापास.

या राज्यात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी माफ, १९७६ पासून पुढच्यांना दर दोन वर्षांनी. लॉस एंजेलिसच्या भागात या वयाची गाडी रोलरवर चालवून धूर मोजतात, आणि इंजिनावरचं झाकण उघडून मूळचं सामान जागेवर आहे का तेही बघतात. बदललेल्या भागाला राज्याच्या मंजुरीचा क्रमांक नसेल तर धूर स्वच्छ असूनही नापास. म्हणून तो नोंदणीचा पहिला प्रश्न. तपासणीच्या गाडीचं इंजिन आम्ही मूळच्या घडणीतच राखतो आणि घोडे मापातून काढतो. एक्झॉस्टचे जुन्या पद्धतीचे स्टेनलेस हीट एक्सचेंजर, वेगळा कॅम, हे सगळं त्यांच्यासाठी ज्यांना ते कायद्याने चालतं. तो मोठा कॅम मी काढला, मूळचा घातला, दोन्ही वेळची मजुरी सोडून दिली. बायकोने त्या महिन्याचं पान वहीत लाल पेनाने लिहिलंय. भिंतीवर लावू का, असंही विचारलं होतं.

मधल्या काळात या गाड्यांचे भाव असे वाढले की आमचा धंदाच बदलला. पूर्वी गिऱ्हाईक स्वतः हात काळे करणारं असायचं, आता कधीकधी गाडीचा मालक गाडी बघायलाही येत नाही, त्याचा माणूस येतो. मूळ क्रमांकाचं इंजिन, मूळचे भाग, यांना किंमत आली. त्यामुळे आम्ही एक रीत पाडली. इंजिनातून निघालेला प्रत्येक भाग, झिजलेला पिस्टनसुद्धा, चिठ्ठी लावून खोक्यात घालून मालकाला परत. जे केलं ते उद्या कुणाला उलटं करता आलं पाहिजे. मोडलेले दिलावार स्टड मात्र मी ठेवून घेतो, एक बरणी भरली आहे.

शक्ती वाढवण्याच्या यादीत लोक जे कधीच धरत नाहीत त्यावर आम्ही सगळ्यात जास्त अडून बसतो. १९८४ च्या कॅरेराचे (एससीनंतर आलेल्या ९११ चे) तेलाच्या दाबावरचे चेन टेन्शनर एससीला बसतात, ते घालायचेच, कारण जुना टेन्शनर ढिला पडला की साखळी उडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. पुढच्या मडगार्डातला जुना नळीचा ऑइल कूलर काढून जाळीचा घालायचा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे. यातून अर्धा एचपीही वाढत नाही. पण वाढवलेले घोडे उन्हाळ्यात टिकतात ते यांच्यावर.

सध्या स्टँडवर १९७५ चं २.७ लिटरचं इंजिन आहे. मॅग्नेशियमची केस, आणि एके काळी थर्मल रिॲक्टरने भाजून निघालेली. १९७५ ते ७७ च्या अनेक अमेरिकन गाड्यांना धूर जाळायला ते भट्टीसारखे रिॲक्टर लावले होते आणि त्या उष्णतेने मऊ झालेल्या केसमधून स्टड आट्यांसकट उपटून येतात. चोवीस भोकांत पोलादी इन्सर्ट बसवायला केस मशीन शॉपकडे गेली आहे. मालक रोज फोन करून विचारतो, साडेनऊचे पिस्टन मागवू का. मी म्हटलं, केस परत येऊ दे, तार टाकून बघतो, मग सांगतो.