कालीपूरच्या काळोखात पाच रात्री: कासवं बघण्याचा माझा अनुभव

अंदमानला कासवं बघायला जायचं ठरवलं तेव्हा डोक्यात कोकणातल्या वेळासचं चित्र होतं. सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ, दोरीमागे उभी माणसं, उचललेली टोपली आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं. उत्तर अंदमानात, दिगलीपूरजवळच्या कालीपूरला मात्र खरा कार्यक्रम रात्रीचा. तिथे अंडी घालायला वर आलेली मादी दिसू शकते, आणि ती कधी येईल, येईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून हाताशी सलग पाच रात्री ठेवल्या. ज्याच्याकडे एकच रात्र आहे त्याने कालीपूरचा बेत करू नये. एका रात्रीत कासव दिसलंच पाहिजे या घाईतूनच बॅटऱ्या पेटतात.

कालीपूरला चार जातींची कासवं अंडी घालतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक. दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त रिडलेची. लेदरबॅकची आशा धरून इथे येऊ नये. त्यांचे मोठे किनारे लिटल अंदमान आणि ग्रेट निकोबारला आहेत आणि ती काही सहलीची ठिकाणं नाहीत. रिडलेंचा भर डिसेंबर ते फेब्रुवारी. अंडी ४५ ते ६० दिवसांत फुटतात, त्यामुळे मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा निवडला: उशिरा आलेल्या माद्या आणि आधीच्या घरट्यांतली पिल्लं, दोन्ही जमण्याची शक्यता. तारखा ठरवताना भरतीचं कोष्टकही बघितलं. रात्री भरती असली की मादीला कमी सरपटावं लागतं. अर्थात हा फक्त अंदाज. ओहोटीच्या वेळीही माग सापडतात.

पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, दिगलीपूर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या चौकीहून गाड्या ताफ्यानेच सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं, सगळ्याला बंदी आहे. बोटीची सोय होत असेल तर बोटीने एरियल बेला उतरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कासवांना त्रास नको म्हणून धडपडायचं आणि वाटेत माणसांच्या घरातून गाडी हाकायची, हे मला पटत नाही. बोटीच्या वेळा हवामानाप्रमाणे बदलतात, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

पोहोचल्यावर पहिलं काम वन विभागाच्या माणसांना भेटून परवानगी घेण्याचं. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अंड्यांना, पिल्लांना किंवा मादीला हात लावायचा अधिकार पर्यटकाला नाही, हौशी स्वयंसेवकालाही नाही. माझं काम लांब उभं राहून बघणं आणि सांगितलं तर वहीत आकडे उतरवणं, एवढंच होतं. सामानात गडद रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे (इथल्या बारीक वाळूमाश्या फार चावतात), बंद चपला, पाणी आणि लाल प्रकाशाची बॅटरी. साध्या बॅटरीवर पातळ लाल कागद लावला तर उजेड फिकट गुलाबी पडतो आणि उपयोग होत नाही. कागदाचे चार-पाच थर लागतात. मोबाइल खोलीवरच ठेवला. वेळ बघायला खिशातून काढलेला मोबाइलही काळोखात लांबून दिसतो.

दिवसाउजेडी एकदा किनारा चालून घ्यावा. ओढ्याचं तोंड कुठे आहे, सर्वांत वरची भरतीरेषा कुठे, ओंडके कुठे पडलेत, हे ठाऊक असलं की रात्री उजेड लागत नाही. ओढ्याच्या तोंडाशी रात्री जायचं नाही; अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. जेवताना कुत्र्यांना पोळीचा तुकडा टाकला की ती रात्री माणसांमागे किनाऱ्यावर येतात, आणि घरटी उकरणारी मुख्य जनावरं तीच. तेव्हापासून जेवणाच्या जागेजवळ कुत्र्याला काही घालायचं नाही, हे आम्ही पाळलं.

रात्री चालायचं ते पाण्याच्या कडेने, ओल्या वाळूवरून. मादी वर गेली असेल तर तिचा माग वाटेत आडवा येतो आणि माग वाचता आला की अर्धं काम झालं. रिडले आणि हॉक्सबिल पुढचे वल्हे, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, आळीपाळीने टाकतात, म्हणून दोन्ही बाजूंच्या खुणा पुढेमागे पडतात. पट्टा साधारण पाऊण मीटर रुंद. हिरवं कासव दोन्ही वल्हे एकदम रेटतं, खुणा समोरासमोर येतात आणि पट्टा मीटरभर रुंद होतो. लेदरबॅकचा दीड-दोन मीटर. एकच माग दिसला तर मादी अजून वर आहे. जाण्याचा आणि येण्याचा असे दोन दिसले तर ती गेली. माग नुसता वळून परत आला असेल, मध्ये उकरलेली वाळूच नसेल, तर ती अंडी न घालता परतली. माणसाची हालचाल, उजेड, कुत्रा, वाळूत लागलेली मुळी, कारण काहीही असू शकतं.

माग सापडला की पुढे जायचं नाही. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. मादी आधी जागा निवडते, वल्ह्यांनी वरची वाळू उडवते, मग मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने ओंजळ-ओंजळ वाळू काढत अंड्यांसाठी खड्डा खणते. एवढा वेळ ती फार बुजरी असते. थोडीशी चाहूल लागली तरी खणणं सोडून पाण्याकडे वळते. पहिली अंडी पडायला लागली की तिचं चित्त त्यातच असतं. एक वनकर्मचारी पुढे जाऊन बघतो आणि त्याची खूण झाल्यावरच, मागच्या बाजूने, चार-पाच जणांनी जायचं. तिच्या डोळ्यांसमोर कोणी उभं राहायचं नाही. रिडलेची सगळी प्रक्रिया साधारण तासाभराची असते. शेवटी ती अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू चोपते. तो धप-धप आवाज पावलांतूनही जाणवतो. ती पाण्याकडे वळली की तिच्या आणि समुद्राच्या मध्ये कोणी नसावं.

घरटं हलवणं हे वन विभागाच्या माणसांचं काम, आणि त्यांनीही प्रत्येक घरटं हलवायचं नसतं. भरतीरेषेच्या वर आणि कुत्र्यांपासून सुरक्षित असेल तर जागच्या जागी जाळी लावून ठेवणं चांगलं. हलवायचंच तर अंडी घातल्यापासून सहा तासांच्या आत. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं की मरतो. माग ताजा असला तरी नेमकी जागा शोधायला काठी हलकेच टोचावी लागते आणि चूक होते ती इथेच. काठी जोरात गेली की अंडं फुटतं, त्यावर मुंग्या आणि बुरशी येते आणि शेजारची अंडीही नासतात. जागा सापडल्यावर हातानेच उकरायचं. अंडी जशी होती तशीच, न फिरवता, घरट्यातली ओली वाळू घातलेल्या बादलीत ठेवायची. रिडलेची अंडी शंभर-सव्वाशेच्या आसपास असतात. मोजणी दोनदा होते, कारण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो.

हॅचरीत, म्हणजे हलवलेली अंडी सुरक्षित उबवायच्या जागेत, नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल हवा, रिडलेसाठी साधारण ४५ सेंटिमीटर, आणि माठासारखा: तोंड अरुंद, तळ ऐसपैस. सरळ नळीसारखा खणला तर अंडी एकावर एक दाटतात आणि खालच्यांना हवा कमी मिळते. दोन घरट्यांत मीटरभर अंतर. वर आधी ओली वाळू, मग कोरडी. पाटीवर तारीख, जात, संख्या, मूळ जागा. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्यावर माद्याच जास्त. उन्हाळा चढला की सावलीची जाळी लागते ती यासाठी. सावली सगळ्या घरट्यांवर सारखी केली तर उलट बाजूला चूक होऊ शकते, म्हणून तापमापक ठेवलेला बरा. हॅचरीची जागाही दरवर्षी बदलायची, नाहीतर जुन्या टरफलांची बुरशी नव्या अंड्यांना लागते.

अंडं फुटल्यावर पिल्लं लगेच वर येत नाहीत. दोन-तीन दिवस सगळी मिळून वाळू खाली ढकलत वर सरकतात आणि वरचा थर थंड झाला की, म्हणजे बहुधा रात्री, एकदम बाहेर पडतात. वाळू बशीसारखी खचलेली दिसली की वेळ जवळ आली. ४५व्या दिवसापासून घरट्यावर टोपली ठेवतात आणि रात्रभर ती तासातासाला बघावी लागते. टोपलीत अडकलेलं पिल्लू सतत वल्हवत राहतं. पोटातल्या बलकाची शिदोरी त्याला खोल पाण्यापर्यंत पुरवायची असते. ती इथेच संपली तर पाण्यात गेलेलं पिल्लू दमलेलं असतं. पर्यटकांना सकाळी दाखवायची म्हणून पिल्लं टबात ठेवण्याची पद्धत मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर बघितली आहे. ती बंद व्हायला हवी आणि तशी मागणी पर्यटकांनीच केली पाहिजे. कालीपूरला पहाटे तीनला हाक आली तेव्हा आम्ही तीनला उठून गेलो.

सोडताना पिल्लांना काही मीटर वाळूवरून स्वतः चालू द्यायचं, थेट पाण्यात ठेवायचं नाही. रोज जागा बदलायची, नाहीतर मासे तिथेच टपून बसतात. माणसं मागे, एका जागी उभी, सगळे दिवे बंद. त्याआधी त्या पट्ट्यातले पावलांचे खड्डे बुजवायचे. आपला टाचेचा खळगा पिल्लासाठी खोल असतो.

पिल्लं निघून गेल्यावर काही दिवसांनी घरटं उकरून हिशेब होतो: अर्ध्याहून जास्त शिल्लक असलेली टरफलं, न फुटलेली अंडी, आत मेलेली आणि आत जिवंत अडकलेली पिल्लं. जिवंत सापडली तर तीही रात्रीच सोडायची. आकडे वहीत उतरवले की टरफलं हॅचरीपासून लांब पुरायची आणि खड्डा बुजवून वरची वाळू सपाट करायची. शेजारच्या घरट्याचा त्या दिवशी ४६वा दिवस होता.