सीतेच्या आसवांचा सेक्शन

तेराव्या दिवसाचा शब्द होता 'ट्रॅप'.

सप्टेंबरभर रोज एक शब्द घ्यायचा आणि त्यावर निसर्गातलं किंवा विज्ञानातलं चित्र काढायचं, हे आमच्या लेकीनं मनावर घेतलं आणि मलाही त्यात ओढलं. ऑक्टोबरात असाच शाईचा उपक्रम असतो, इंकटोबर. जेक पार्कर या चित्रकारानं तो 2009 साली स्वतःचा हात सुधारायला सुरू केला, 31 दिवस 31 चित्रं. आमचा सप्टेंबरातला त्याचा विज्ञानवाला भाऊ. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस वर्षं ड्रॉइंगच करतोय, पण ते कास्टिंगचं. पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, ब्रॅकेट. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन (वस्तू कापली तर आत कशी दिसेल तो छेद). शाळा सुटल्यापासून पान-फूल काढलेलं नव्हतं.

यादी इंग्रजीतून आली. ती कॅलेंडरच्या पाठीमागं मराठीत उतरवायला बसलो आणि चौथ्याच शब्दाला अडलो. 'सीड'. नुसतं बी म्हणून कसं भागेल? चिंचेचा चिंचोका, फणसाची आठळी, आंब्याची कोय, कापसाची सरकी. आपल्या माणसांनी प्रत्येकाला वेगळं नाव दिलं, कारण हाताला प्रत्येक वस्तू वेगळी लागते. परड्यात पडलेली उन्हाळ्यातली कोय मी हॅक्सॉनं कापली. कोयीचं टणक कवच हा खरं तर फळाचाच भाग, बी आत पातळ सालीत गुंडाळून बसलेलं. चिंचोका मात्र आख्खा बीच. चौघांचे सेक्शन एकाच कागदावर, एकाच स्केलला काढले. लेक म्हणाली, "पप्पा, ही तर पार्ट लिस्ट झाली!" मला तसंच हवं होतं.

सातव्या दिवशी 'फूट' होता. आठवणीवर विसंबून वारकरी पक्ष्याचा पाय काढला, बदकासारखा बोटांत पडदा घालून. दुसऱ्या दिवशी उजाडताना रंकाळ्यावर गेलो. एक वारकरी काठावर चढला होता. पडदा नाहीच, प्रत्येक बोटाला स्वतःची झालर, पेरापेराला खाच. चित्रकार अबालाल रहिमान ज्या रंकाळ्याची चित्रं रंगवायचे त्याच पाण्याकाठी उभा राहून मी पायाची बोटं मोजत होतो. चित्र पुन्हा काढलं.

आता ट्रॅप. कोळ्याचं जाळं पहिल्यांदा सुचलं, ते कुणालाही सुचेल. पण आदल्या रविवारी आम्ही पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर गेलो होतो. जांभ्या दगडावर जेमतेम दोन बोटं माती, तिच्यातून पाणी झिरपतंय, आणि त्या पाण्यात सीतेची आसवं फुललेली. जांभळं-निळं फूल, बोटाच्या पेराहून लहान. असल्या मातीत नत्र फारसं नसतं, म्हणून ही झाडं बारीक जीव खातात. शेजारचं दवबिंदू नावाचं झाड हे काम उघड्यावर करतं, त्याचे चिकट थेंब उन्हात चमकतात. सीतेची आसवं मात्र वर नुसतं फूल दाखवतात, शिकार मातीत. मी एकही झाड उपटलं नाही. म्हशीच्या खुरानं उखडलेला एक तुकडा ओल्या मातीसकट डबीत घालून आणला.

आमच्या लॅबमध्ये ओतीव लोखंडातलं ग्राफाइट तपासायचा मायक्रोस्कोप आहे. शिफ्ट सुटल्यावर विचारून त्याच्याखाली तो धुतलेला तुकडा ठेवला, बाजूनं मोबाईलचा टॉर्च धरला. दोऱ्यासारख्या देठांवर काचेसारख्या पिशव्या, मोहरीहूनही लहान. प्रत्येकीला एक तोंड, तोंडाला दार.

रात्री आबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर सारला, जवळ धरून बघितलं. "फुटव्हॉल हाय की रं ह्यो." विहिरीत उतरून फुटव्हॉल, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप, साफ करण्यात ज्यांचा जन्म गेला, ते दुसरं काय म्हणणार? मीही तसाच काढला होता, पाणी आत घेणारा, बाहेर न सोडणारा.

पण झोपताना खटकलं. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर टाकतात. आत दाब कमी होतो, भिंती गाल आत ओढल्यासारख्या खोल जातात. फुटव्हॉल असता तर एवढ्या ओढीला कधीच उघडला असता. हे दार बंद कसं राहतं?

पुन्हा वाचलं, पुन्हा बघितलं. दार सपाट नाही, बाहेरच्या बाजूला फुगीर आहे, आणि त्याची कड खालच्या उंबरठ्यावर टेकलेली. कमान जशी भार पेलते तसं ते बाहेरच्या पाण्याचा दाब पेलतं. एखादा सूक्ष्म जीव धडकला की तेलाच्या डब्याचा फुगलेला तळ दाबल्यावर टॉक करून आत जातो, तसं दार आत वळतं. पाणी जीवासकट आत शिरतं आणि दार परत जागेवर. सगळं मिळून सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत. नंतर पाणी उपसून सापळा पुन्हा ताणायला साधारण अर्धा तास.

सकाळी आबांना डब्यावरच करून दाखवलं. त्यांनी तीनदा अंगठा दाबून बघितला. "आणि हे झाडाला कुणी शिकवलं?" एवढंच म्हणाले.

दुसरं चित्र मी दोन स्थितींत काढलं, शेजारी शेजारी. दार ताणलेलं, दार वळलेलं. आमच्या ड्रॉइंगमध्ये सेक्शनला तिरप्या रेघा मारतात, त्यात पिशवीचं पारदर्शकपण मरून जातं. म्हणून 0.1 च्या पेननं नुसते ठिपके दिले, उजेड डावीकडून वरनं धरून. जिथं भिंत वळते तिथं दाट, मध्ये विरळ. चार तास गेले. खाली सवयीनं मापाची रेघ मारली आणि लिहिलं, 1 मिमी. इतकं लहान माप मी टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) सोडून कधी लिहिलं नव्हतं.

उद्याचा शब्द 'रूट' आहे. सीतेच्या आसवांना खरं मूळच नसतं, त्यामुळं ती बाद. पंचगंगेच्या घाटावरनं केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, एक रोप आणून बादलीत सोडलंय. मुळं पाण्यात पिसासारखी पसरलीत, काळपट जांभळी. एका मुळाला किती फाटे आहेत ते मोजायला आत्ताच सुरुवात केली आहे.