जिताड्याचं लिव्हर पिवळं पडलं तर आधी तेल बघा

पुण्यात राहून पेण-अलिबागकडे खाजणात नाहीतर पिंजऱ्यात जिताडा वाढवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मासा खातोय, वजन घेतोय, पण पोट फाडलं की लिव्हर फुगलेलं, पिवळट, बोटाला तेलकट लागणारं. मग कुणीतरी सांगतं, खाद्यातलं फॅट कमी करा. बहुतेक वेळा हा सल्ला चुकीच्या जागी बोट ठेवतो. ४५ टक्के प्रोटीन आणि १२ टक्क्यांच्या आसपास फॅट हे जिताड्याच्या खाद्याचं नेहमीचं प्रमाण आहे आणि ते त्याला झेपतं. फॅट उतरवलंत तर मासा ऊर्जेसाठी प्रोटीन जाळणार. म्हणजे खाद्यातला सगळ्यात महाग भाग वाया आणि वर पाण्यात अमोनिया. फॅट किती हे विचारायच्या आधी ते कुठलं आणि किती ताजं, हे विचारा.

लिव्हर रक्तातून फॅटी ॲसिड उचलतं. त्यातली काही जाळतं, उरलेल्यांचं ट्रायग्लिसराइड (साठवणीची चरबी) करून व्हीएलडीएल नावाच्या कणांत बांधतं आणि स्नायूंकडे, पोटातल्या चरबीकडे रवाना करतं. या कणांचं वेष्टन फॉस्फोलिपिडचं, त्यातही मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलीनचं असतं. ते कमी पडलं की धान्य भरपूर पण पोती संपलेली, अशी गत होते. माल आतच साचतो. म्हणून कोलीन (या वेष्टनाचा कच्चा माल) आणि लेसिथिन (सोयातून मिळणारं फॉस्फोलिपिड) कमी असलेल्या खाद्यावर बेताच्या फॅटनेही लिव्हर चरबट होतं.

दुसरी बाजू ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ ॲसिडची. लिव्हरमध्ये नवीन चरबी तयार करणाऱ्या जनुकांना ती आवर घालतात आणि चरबी जाळणाऱ्या यंत्रणेला चालना देतात. माशाच्या तेलाच्या जागी सगळं सोया किंवा पाम तेल घातलं की हे दोन्ही परिणाम ढिले पडतात. भूमध्य समुद्रातल्या सीब्रीमवर आणि चीनमधल्या यलो क्रोकरवर हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सोया तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक हे ओमेगा-६ ॲसिड असतं आणि ते पेशीत थेंब-थेंब साठत जातं.

यावर कुणी म्हणेल, सोया आणि जवस तेलातही ओमेगा-३ असतं की. असतं, पण ते छोट्या साखळीचं. रोहू-कटला ते लांबवून ईपीए-डीएचए बनवू शकतात. जिताड्यासारख्या माशात डेल्टा-५ डिसॅच्युरेज या एन्झाइमचं काम जवळजवळ होतच नाही, त्यामुळे ही दोन्ही ॲसिड त्याला तयार मिळायला हवीत. रोहूचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून जिताड्याला घालू नका, ते यासाठीच.

१०० किलो खाद्याचा हिशोब मांडतो. २५ किलो फिशमील (सुक्या माशाची भुकटी) घेतलं, त्यात १० टक्के फॅट धरलं, तर अडीच किलो माशाचं फॅट आलं. त्यातला चौथा हिस्सा ईपीए-डीएचए धरला तर साधारण ६०० ग्रॅम. वरून ३ किलो माशाचं तेल घातलं की आणखी ७५० ग्रॅम. एकूण १.३ टक्क्यांच्या पुढे जातं आणि वाढत्या माशाचं एवढ्यात भागतं. मग १ किलो सोया लेसिथिन घाला आणि उरलेलं चार-साडेचार किलो तेल सोयाचं घातलं तरी चालतं. सोया तेल शत्रू नाही. ईपीए-डीएचए आणि लेसिथिनची ही तळाची रक्कम न भरता ते घालणं हा घोळ आहे. पिलांना मात्र हा हिशोब लावू नका, त्यांची फॉस्फोलिपिडची गरज बरीच जास्त असते.

सगळ्यात जास्त नुकसान खवट तेल करतं. ईपीए-डीएचए जितकं जास्त तितकं तेल लवकर खवटतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला अर्धा भरलेला कॅन, किंवा बर्फ वितळून उन्हात पडलेली तारली, दोन्ही सारखीच घातक. ऑक्सिडाइज झालेलं फॅट लिव्हरच्या पेशींची आवरणं जाळतं, व्हिटॅमिन ई संपवतं आणि मागे सिरॉइड नावाचं तपकिरी-पिवळं रंगद्रव्य साठतं. पुण्यात खाद्यतेल तपासणाऱ्या लॅबमध्ये पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटण्याच्या सुरुवातीचा आकडा, सहज काढून मिळते. ५ च्या खाली असेल तर उत्तम, १० च्या वर गेली तर तो कॅन वापरू नका. पण एवढ्या एकाच आकड्यावर विसंबू नका. फार जुन्या तेलात पेरॉक्साइड फुटून आकडा पुन्हा खाली येतो आणि तेल चांगलं असल्याचा भास होतो. म्हणून खवटण्याची पुढची पायरी दाखवणारी ॲनिसिडिन व्हॅल्यूही मागा.

लिव्हर बघायची पद्धत अशी. शेवटच्या खाद्यानंतर २४ तासांनी सारख्या आकाराचे पाच-सहा मासे काढा, बर्फात मारा, पुसून वजन करा. गुदद्वारापासून गलफडांकडे वरवर चीर द्या, सुरी खोल गेली तर पित्ताची पिशवी फुटते आणि सगळं हिरवं होतं. पिशवी अलगद सोडवा आणि लिव्हर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा. ५०० ग्रॅमच्या माशाचं लिव्हर ७.५ ग्रॅम भरलं तर ते वजनाच्या १.५ टक्के. जिताड्यात सहसा १ ते २ टक्के दिसतं. हाच निकष कॉडला लावू नका, त्याचं चरबीचं कोठारच लिव्हर आहे, म्हणून तर कॉड लिव्हर ऑइल निघतं. निरोगी लिव्हर तांबूस-तपकिरी आणि धारदार कडांचं असतं. चरबट लिव्हरच्या कडा गोल होतात, आणि चरबी फार असेल तर तुकडा पाण्यात तरंगतो. लिव्हर हिरवं निघालं आणि पित्ताची पिशवी शाबूत असेल, तर टॉरिन (फिशमीलमधून मिळणारा अमिनो ॲसिडसारखा घटक) कमी पडल्याची शंका घ्या. फिशमील फार कमी केलेल्या सोयाबीनच्या खाद्यावर यलोटेल आणि रेड सीब्रीममध्ये असं होतं.

फिकट लिव्हर म्हणजे चरबीच, असं मात्र समजू नका. खाद्यात मैदा किंवा टॅपिओका जास्त असेल तर ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साठूनही लिव्हर मोठं आणि फिकट होतं. लॅबच्या नेहमीच्या पॅराफिन स्लाइडवर (तुकडा मेणात बसवून घेतलेल्या कापावर) दोन्हींच्या जागी रिकामी भोकंच दिसू शकतात, कारण चरबी प्रक्रियेत विरघळून जाते. म्हणून नमुना दोन भागांत पाठवा. ५ मिलिमीटरहून जाड नसलेला तुकडा दहापट बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, आणि उरलेलं लिव्हर बर्फात, फॅट मोजायला. फॉर्मेलिनचा तुकडा डीप फ्रीजमध्ये टाकू नका, हळूहळू गोठताना पेशी फाटतात. लॅबला आधीच सांगा की चरबी रंगवणाऱ्या ऑइल रेड ओ साठी फ्रोझन सेक्शन (गोठवून घेतलेला काप) हवं आणि ग्लायकोजेनसाठी पीएएस हा रंग. तुकडा अल्कोहोलमध्ये गेल्यावर हे सांगून उपयोग नसतो.