मार्चमधल्या धावा मोजू नका

अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचे मोसमाआधी सराव सामने होतात, त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. तिथला एक नियम कळला तेव्हा मला खरंच धक्का बसला होता. एखाद्या इनिंगमध्ये, म्हणजे सामन्याच्या नऊ डावांपैकी एकात, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मार पडायला लागला, चेंडू जास्त टाकून झाले, की मॅनेजर त्याला बाहेर बोलावतो आणि पुढच्या इनिंगला तोच पिचर परत येऊन टाकू लागतो. खऱ्या मोसमात हे अशक्य. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरत नाही, हा अगदी मुळातला नियम. मार्चमध्ये मात्र तो बाजूला ठेवतात. नऊ इनिंगनंतर बरोबरी असली तरी जादा इनिंग नाही. लोक उठतात आणि गाड्यांकडे चालायला लागतात.

मी दादरच्या मैदानांवर वाढलो. आपल्याकडे सराव सामन्याचंही स्कोअरबुक जपून ठेवतात. निवड चाचणीत तीन षटकांत तीस धावा गेल्या की पोराचं नाव यादीतून गळतं. त्या दिवशी तो काय करून पाहत होता, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. इथे ॲरिझोनात, चँडलरला राहायला आल्यापासून, दर फेब्रुवारीच्या मध्याला निम्मी मेजर लीग, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, आमच्या दाराशी येते. 15 संघ फिनिक्सच्या आसपासच्या 10 मैदानांवर, उरलेले 15 फ्लोरिडात. इकडची ती कॅक्टस लीग, तिकडची ग्रेपफ्रूट लीग. सहा आठवडे कॅम्प चालतो, त्यातला महिनाभर रोज सामने होतात आणि कोण जिंकलं याचा पुढच्या मोसमाशी काही संबंध नसतो.

या सहा आठवड्यांचं मला किती अप्रूप आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोट्यवधी डॉलर कमावणारा माणूस हजारो लोकांसमोर उभा राहून मार खातो, कारण तो चेंडूची नवी पकड शिकतोय. एकाच सामन्यात सलग दहा वेळा तोच चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, टाकतो. फलंदाजालाही दोन-तीन चेंडूंत कळतं आणि तो चेंडू कुंपणाबाहेर जातो. डगआउटमध्ये परतल्यावर पिचिंग कोच टॅब्लेटवर त्याला बोटांची जागा दाखवतो, दोघं मान डोलावतात. ओरडा नाही, पडलेलं तोंड नाही. चाळिशीला आलेला, मोठमोठी बक्षिसं मिळवलेला पिचरसुद्धा इथे विद्यार्थी असतो. चुकण्यासाठी वेळापत्रकात राखून ठेवलेली जागा मी आयुष्यात दुसरीकडे कुठे पाहिली नाही, शाळेत नाही, नोकरीत तर नाहीच.

ठाण्याचा माझा मावसभाऊ फोनवर विचारतो, "अरे, क्रिकेट सोडून हे काय घेऊन बसलायस?" त्याच्यासाठी आणि असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आमच्या ऑफिसात बारा जणांची फँटसी लीग आहे. मार्चच्या शेवटी ड्राफ्ट असतो: आळीपाळीने एकेक खरा खेळाडू निवडायचा आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच्या कामगिरीवर आपले गुण. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याकडे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, त्यानंतर घरच्यांना फँटसी म्हटलं की जुगारच दिसतो. आमच्याकडे पैसा नाही; जिंकणाऱ्याच्या टेबलावर वर्षभर एक करंडक राहतो, एवढंच. आणि या प्रकाराचा उगमही तसा साधा आहे. 1980 मध्ये डॅनियल ओक्रंट या संपादक-लेखकाने न्यूयॉर्कमधल्या मित्रांना जमवून तो सुरू केला. ते ज्या फ्रेंच रेस्तराँमध्ये जेवायला बसत त्याच्यावरून त्याला रोटिसरी हे नाव पडलं. माणसं पारखण्याचा हा अभ्यास आहे असं मी मानतो, आणि त्यासाठी मार्चमधले शनिवार दिले तर त्यात मला काही गैर वाटत नाही. साडेबारा तासांच्या फरकातून घरी फोन करायचा तो मी करतोच.

तर पारख. स्टार्टिंग पिचर म्हणजे सामना सुरू करून पाच-सहा इनिंग खेचणारा. त्याची नेहमीची मोजपट्टी ईआरए, दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा. मार्चमध्ये नेमका हाच आकडा सगळे बघतात आणि नेमका हाच निरुपयोगी असतो. मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये कुणी सहा बळी घेतले असं सांगितलं की शिवाजी पार्कचा जाणता माणूस आधी विचारतो, पाऊस किती झाला होता? ॲरिझोनात विचारायचं, हवा किती कोरडी होती. फिनिक्सचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 330 मीटरवर. मार्चमधली दुपार तापलेली आणि कोरडी. उंचीने आणि उन्हाने विरळ झालेल्या हवेत चेंडूला अडवणारं कमी, म्हणून फटका लांब जातो. त्याच कारणाने स्पिनवर वळणारा चेंडूही कमी वळतो. शिवाय कोरडेपणामुळे बोटांना घाम नाही, चेंडू निसटतो. म्हणून इकडच्या पिचरचा ईआरए फुगलेला असतो, आणि फ्लोरिडातल्या पिचरशी त्याची तुलना करणं अन्यायाचं आहे.

मैदानात पुष्कळदा माझ्या शेजारी एक आजोबा असतात. थंडीचे महिने काढायला विस्कॉन्सिनहून येणारे. मी नवखा आहे हे त्यांनी आपणहून ओळखलं आणि पेन्सिल पुढे केली. त्यांच्या वहीत धावांचा रकानाच नाही! प्रत्येक चेंडूचा वेग, प्रकार आणि फलंदाजाने चुकवला की नाही, एवढंच. "धावा उद्याच्या पेपरात येतील, हे येणार नाही," असं म्हणाले. ना ओळख ना पाळख, पण आपली आयुष्यभराची रीत त्यांनी मला चार-पाच इनिंगमध्ये समजावून दिली. अमेरिकेत माणसं तुटक असतात असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ज्यांना वाटतं त्यांनी या गवतावर येऊन बसावं.

त्यांच्याकडून घेतलेली आणि मग मी वाढवलेली रीत अशी. आधी वेग. सरासरी स्टार्टरचा फास्टबॉल ताशी 94 मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे 151 किलोमीटर. मार्चच्या सुरुवातीला खांदा पुरता सुटलेला नसतो, मोसमाच्या मध्यापेक्षा वेग थोडा कमीच असतो. त्यामुळे आजचा आकडा गेल्या सप्टेंबरशी ताडून घाबरायचं नाही, गेल्या मार्चशी ताडायचा. वेगाचं मोल हे की तो पटकन खरं सांगतो. धावांना अर्धा मोसम लागतो, वेगाला दोन सामने पुरतात. गेल्या मार्चपेक्षा दोन मैल जास्त दिसले तर त्या पिचरने हिवाळ्यात काहीतरी केलंय. पण इथे एक सापळा आहे. पहिल्या सामन्यात स्टार्टर दोनच इनिंग टाकतो, सगळा जीव त्यातच ओततो. म्हणून मी मार्चच्या मध्यापर्यंत थांबतो आणि तिसऱ्या-चौथ्या इनिंगमधला वेग लिहितो. तिथेही टिकला तरच तो खरा.

मग नवा चेंडू. 2024 मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाच्या डेव्हिस मार्टिनने मधलं बोट दुमडून टाकायचा चेंजअप, ज्याला किक चेंज म्हणतात, वापरला आणि मग बऱ्याच जणांनी उचलला. नवा चेंडू दिसला म्हणून लगेच हुरळून जाण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये प्रत्येक जण काहीतरी नवं टाकतो आणि एप्रिलपर्यंत अर्धं सोडून देतो. पिचर अडचणीत असताना, बेसवर धावेसाठी टपलेली माणसं असताना, त्याच चेंडूकडे वळतो का ते पाहायचं. तिथे विश्वास कळतो.

आकडाच हवा असेल तर एक घ्यावा: शंभर फलंदाजांमागे किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), त्यातून किती वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट दिलेला बेस) वजा. उत्तर 20 च्या वर असेल तर नाव अधोरेखित करावं. तरी मार्चभरात एका स्टार्टरसमोर साठ-सत्तर फलंदाजच येतात, त्यातले उशिराच्या इनिंगमधले बरेच जण मायनर लीगची, म्हणजे खालच्या पायरीवरची, पोरं, पाठीवर ऐंशी-नव्वदीतले नंबर. त्यांना बाद केलं तर त्याची किंमत तेवढीच. आणि एखादा मोठा पिचर आठवडाभर सामन्यात दिसला नाही तर लगेच दुखापत समजू नये. आपल्याच गटातल्या संघाला आपले चेंडू आधीच दिसू नयेत म्हणून त्याला मागच्या मैदानावर मायनर लीगच्या पोरांसमोर टाकायला लावतात.

शोहेई ओहतानीचं उदाहरण तर मी प्रत्येकाला देतो. 2018 चा मार्च, एंजल्स संघाचा कॅम्प, आमच्या शेजारचं टेम्पी. जपानहून आलेला, चेंडू टाकणारा आणि फलंदाजीही करणारा हा पोरगा कॅक्टस लीगमध्ये जेमतेम पावणेतीन इनिंग टाकू शकला आणि त्याचा ईआरए होता 27.00. फलंदाजीत 32 पैकी 4 हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके. मायनर लीगला पाठवा, असं जाणकार लिहू लागले. एप्रिलच्या 8 तारखेला ओकलंडविरुद्ध त्याने सात इनिंगमध्ये एक हिट दिला, 12 स्ट्राइकआउट घेतले. कोपर दुखावण्याआधी आणि नंतर मिळून 10 सामन्यांत 3.31 चा ईआरए, 63 स्ट्राइकआउट, आणि वर्षअखेरीस अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. ज्यांनी मार्चमध्ये धावा मोजल्या त्यांनी त्याला ड्राफ्टमध्ये खाली ढकललं. ज्यांनी त्याचा स्प्लिटर, शेवटी खाली बुडणारा चेंडू, पाहिला त्यांनी उचललं.

गॅरेट क्रोशे तर माझ्या गावाजवळचाच म्हणायला हवा. 2022 मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेला, तोवर मेजर लीगमध्ये एकही सामना सुरू न केलेला रिलीव्हर, म्हणजे मागाहून उतरणारा पिचर. 2024 च्या मार्चमध्ये ग्लेनडेलच्या कॅमलबॅक रँचवर त्याने असं टाकलं की व्हाइट सॉक्सने थेट मोसमाचा पहिला सामना त्याच्या हाती दिला. त्या दिवशी डेट्रॉइटविरुद्ध सहा इनिंग, एक धाव, 8 स्ट्राइकआउट, तरी संघ 1-0 हरला. वर्षभरात 146 इनिंगमध्ये 209 स्ट्राइकआउट. विजयांचा रकाना बघणाऱ्याला तो दिसलाच नसता.

आता आपल्याकडे असं पाहणारे डोळे नाहीत, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. श्रीरामपूरहून मुंबईला आलेल्या झहीर खानमध्ये प्रशिक्षक सुधीर नाईकांनी काय पाहिलं? चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांनी काय पाहिलं? तेव्हा त्याच्या नावावर रणजीचा एकही बळी नव्हता. त्यांनी चेंडू हातातून कसा सुटतो ते पाहिलं. म्हणजे दृष्टी आपल्याकडे आहे, आणि उत्तम आहे. फक्त ती काही माणसांपाशी आहे, व्यवस्थेत नाही. सुधीर नाईक न भेटलेल्या झहीरचं काय झालं असतं, हा प्रश्न मला इथे बसून छळतो.

इथली व्यवस्थाही काही देवाची नाही, हेही सांगतो. वेगाच्या मागे लागून हे लोक पोरांची कोपरं मोडतात. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगच्याच अहवालाने कबूल केलं की पिचरच्या दुखापती स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये उसळतात आणि वेगाचा हव्यास त्याचं मोठं कारण आहे. अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर 2023 मध्ये 281 स्ट्राइकआउट घेऊन 2024 च्या मार्चमध्ये आला, नवा कर्व्हबॉल घेऊन, आणि सगळ्यांच्या यादीत अगदी वर होता. मोसमाचे दोनच सामने झाले आणि एप्रिलमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. आणि नुसत्या वेगानेही भागत नाही. रिंकू सिंग (क्रिकेटमधला नव्हे) आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशची दोन भालाफेकपटू पोरं 2008 मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडली गेली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. आयुष्यात बेसबॉल हातात न धरलेली पोरं अमेरिकेत व्यावसायिक पिचर झाली, याचा मला अभिमान आहे. पण मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणी पोचलं नाही, कारण दिशा, दुसरा चेंडू, तिसरा चेंडू हे सगळं लहानपणापासून हातात मुरावं लागतं.

म्हणून माझ्या यादीत आता प्रत्येक नावापुढे मी जागेचाही विचार लिहितो. पाचव्या स्टार्टरच्या जागेसाठी तिघं झगडत असतील तर ज्याला मायनर लीगला पाठवण्याचे पर्याय संपलेत त्याला संघ आधी ठेवतो, भले दुसरा चांगलं टाकत असो. फँटसीत बसलेल्या पिचरचे गुण शून्य.

मावसभावाला एवढंच सांगणं आहे: मार्चमध्ये इकडे आलास तर ग्रँड कॅन्यन एक दिवस पुढे ढकलू. सकाळी नऊच्या सुमाराला मागच्या मैदानांवर जाऊ. बऱ्याच कॅम्पांत तिथे तिकीट लागत नाही. जाळीपासून दहा पावलांवर पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे सरावाच्या जागेत, टाकत असतो आणि कॅचरच्या मिटवर चेंडू आदळल्याचा आवाज छातीत बसतो. टोपी आण, ऊन फार आहे. वही मी देईन.