आमची वाटचाल : खारपाणपट्ट्यातले मिलिव्होल्ट

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागते, पण ते बहुधा खारे निघते, आणि आमचा लॉगिंगचा, म्हणजे बोअरमध्ये केबलवर उपकरण सोडून थर आणि त्यातले पाणी ओळखण्याचा, व्यवसाय या एका अडचणीवर उभा आहे. दर्यापूर तालुक्यात आम्ही सुरुवात केली तेव्हा जुनी जीप, हाताने फिरवायची विंच, दोनशे मीटर केबल आणि शिशाचा इलेक्ट्रोड बसवलेला प्रोब (बोअरमध्ये सोडायचे मोजणीचे उपकरण) एवढेच भांडवल होते.

बोअरमध्ये केबल सोडून विजेच्या मोजणीने थर ओळखण्याची रीत १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात सुरू झाली; नैसर्गिक विभवाकडे, म्हणजे बोअरमध्ये आपोआप तयार होणाऱ्या विजेच्या दाबाकडे, लक्ष गेले ते त्यानंतर काही वर्षांनी. विभवाच्या या मोजणीत बाहेरून प्रवाह द्यावा लागत नाही. एक इलेक्ट्रोड जमिनीवरील ओल्या खड्ड्यात राहतो, दुसरा खोदताना वापरलेल्या चिखलाने भरलेल्या बोअरमधून वर ओढला जातो आणि दोहोंतील फरक मिलिव्होल्टमध्ये कागदावर रेषेने नोंदला जातो. चिकणमाती सोडियमच्या आयनांना वाट देते व क्लोराइडला अडवते, त्यामुळे तिच्यासमोर रेषा जवळपास सरळ उतरते आणि रेतीसमोर झुकते : थरातले पाणी चिखलातल्या पाण्यापेक्षा खारे असेल तर डावीकडे, गोडे असेल तर उजवीकडे.

दोन्ही पाणी सारखेच खारे असेल तर रेषा झुकतच नाही, हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण शिकलो मात्र एका शेतकऱ्याच्या बांधावर. रोटरी मशीनवाल्याने शेजारच्या खाऱ्या विहिरीचे पाणी चिखलाच्या हौदात घेतले होते, आम्ही ते तपासले नाही, आणि सरळ रेषा पाहून "सगळी चिकणमाती आहे" असा अहवाल दिला. पुढच्या महिन्यात लगतच्या शेतात रेती लागली. "तुमच्या कागदात रेती नव्हती, मंग त्याच्या बोअरले कशी लागली?" या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून जीपमधून पहिल्यांदा पाण्याचा खारेपणा दाखवणारा चालकता मापक उतरतो, हौदातले पाणी मोजले जाते, आणि विभवासोबत रोधकतेची, म्हणजे थर विजेला किती अडवतो याची, नोंदही घेतली जाते. रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाचे झटका मशीन आणि जवळची मोटार आधी बंद करायला लावतो, नाहीतर कागदावर करवतीचे दाते उमटतात. केसिंग उतरल्यावर बोलावणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, कारण पीव्हीसी पाइपाआडून विभव मोजता येत नाही. काळ्या खडकातल्या, हवेच्या दाबाने पाडलेल्या कोरड्या बोअरचे कामही घेत नाही. तिथे बोअरमध्ये पाणीच नसते, मग इलेक्ट्रोड थराशी जोडला जाणार कशाने? अशी कामे सोडल्याने उत्पन्न घटते, हे खरे.

त्या शेतकऱ्याच्या दुसऱ्या बोअरचे लॉगिंग आम्ही विनामूल्य केले. या वेळी चिखल टँकरच्या गोड्या पाण्याचा होता, आणि लगतच्या शेतात ज्या खोलीवर रेती लागली होती त्याच खोलीवर रेषा स्पष्टपणे डावीकडे झुकली. रेती होती, पण पाणी खारे होते. त्यांनी केसिंग न टाकताच बोअर बुजवला आणि शेततळ्यासाठी अर्ज केला.